बत्तीस बोअर

गावाकडच्या माणसांना माझ्या नेमबाजीचं कौतुक कमी आणि कुतूहल जास्त. लग्नाकार्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "खरीखुरी गोळी असते का वं त्यात?" मी सांगते, दहा मीटरला नुसता छर्रा असतो, पंचवीस मीटरला खरी गोळी. मग लगेच दुसरा, "मानूस मरते का त्यानं?" या प्रश्नावर मी आजवर पाणी प्यायला उठत आलेय.

यंदा मात्र तिसरा प्रश्न आला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. दादाने विचारलं, "बाई, पिस्तूल घेऊ का रिव्हॉल्वर? आन् बोर कोनता?"

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मेडशीला असतो. (जिल्हा वाशीम, तालुका मालेगाव. नाशिकचं मालेगाव नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं!) सोयाबीन, तूर, हरभरा यांची खरेदी करतो. दसरा-दिवाळीच्या हंगामात अकोल्याहून रोकड घेऊन संध्याकाळच्या वेळी पातूरच्या घाटातून परत येतो. मोटरसायकलवर, एकटा, पैसे पोटाशी बांधलेल्या पिशवीत. मागच्या हंगामात दोन गाड्या घाटभर त्याच्या मागे होत्या. त्याने वेग वाढवला की त्या वाढवत, कमी केला की कमी. मेडशीचे दिवे दिसल्यावर वळून गेल्या. घडलं काहीच नाही. पण त्या रात्री तो जेवला नाही, असं वहिनी म्हणाली, आणि आमचा दादा न जेवणं ही आमच्या घराण्यात बातमी आहे.

आता आमच्या घरात बंदूक नवीन नाही. आजोबांकडे ठासणीची होती, पीकरक्षणाच्या परवान्यावरची. मेडशीच्या आसपास जंगल आहे, रोही आणि रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात. शस्त्र कायदा 1959 चा, त्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. आजोबा नळीत दारू टाकून गजाने ठासायचे, वर छर्रे, मागे टोपी. एका बाराला पाच मिनिटं. पावसाळ्यात टोपी सर्द झाली की घोडा नुसताच 'टक्' करायचा आणि डुक्कर मान वर करून बघायचं. आजी म्हणायची, बंदुकीपेक्षा डबा वाजवलेला बरा. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की पावती दाखवून परत. पुढे एकदा जमा केली ती आजोबांनी परत आणलीच नाही. हे एवढं सांगायचं कारण, शस्त्र वेळेवर चालणं न चालणं या विषयावर आमच्या घरी जुनी चर्चा आहे.

तर दादाचा प्रश्न. अमेरिकेतल्या माणसाला असा प्रश्न पडला तर तो दुकानात जातो आणि शंभर प्रकारांत हरवतो. आपल्याकडे अर्धं उत्तर कायद्यानेच दिलेलं असतं. .303, .38, .455 आणि 9 मिमी हे बोअर सामान्य माणसाला निषिद्ध. म्हणजे फौजेची आणि पोलिसांची काडतुसं ज्यात बसतील ती हत्यारं लोकांच्या हाती नकोत, हा इंग्रजांच्या वेळचा हिशेब. इंग्रज गेले, हिशेब राहिला. त्यात परदेशी पिस्तूल आयात करणं सामान्य परवानाधारकाला 1980 च्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे कुणाच्या पणजोबांचं जुनं वॉल्थर विकायला निघालं तर त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. राहता राहिलं .32. आपल्या लोकांच्या तोंडी 'बत्तीस बोर'. सरकारी कारखान्यांनी वर्षानुवर्षं बनवली ती हीच.

पण इथेही एक गोची आहे, आणि दादाला ती माहीत नव्हती. रिव्हॉल्वरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं लांब, मागे कड असलेलं. गोळी साधारण सव्वासहा ग्रॅम वजनाची आणि वेगाने मंद, सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. पिस्तुलाचं आखूड, गोळी साडेचार ग्रॅमची, वेग पावणेतीनशेच्या घरात. ते जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने 1899 मध्ये बेल्जियमच्या कारखान्यासाठी काढलं. दोघांची ताकद गणिताने काढली तर जवळपास सारखीच, दीडशे ते पावणेदोनशे जूल. पण एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नसतं. दुकानात नुसतं "बत्तीसच्या द्या" म्हणून चालत नाही.

जूल म्हटल्यावर दादा म्हणाला, "थे मले समजत नाही, तू सोयाबीनच्या भाषेत सांग." सोयाबीनच्या नाही, पण क्रिकेटच्या भाषेत सांगता येतं. ताशी 140 किलोमीटरने टाकलेला चेंडू साधारण 120 जूलचा असतो. लहान .22 ची गोळी पिस्तुलातून सुटते तेव्हा तीही याच घरात, शंभर-सव्वाशे. बत्तीसची त्याहून थोडी जास्त. 9 मिमीची साडेचारशे-पाचशे. आणि अमेरिकेच्या फौजेची ती प्रसिद्ध .45? तीही पाचशेच्या आसपासच! गोळी 9 मिमीच्या दुप्पट जड, पण वेग कमी. या दोघींवरून तिकडे शंभर वर्षं भांडणं चालू आहेत आणि हिशेब बघावा तर फरक एवढासा.

चेंडूच्या या उदाहरणातून एक गोष्ट चटकन कळते. चेंडू छातीवर बसला तर फलंदाज वाकतो, शिव्या देतो आणि पुढचा चेंडू खेळतो. सिनेमात गोळी लागल्यावर माणूस जसा मागे उडून काचेतून पडतो, तसं काही होत नसतं. गोळीला तेवढा धक्का असता तर झाडणाराही उलट दिशेला उडाला असता. गोळी ढकलत नाही, भोक पाडते. ते भोक कुठे पडलं आणि किती खोल गेलं, यावर पुढचं सगळं.

आणि इथेच 'माणूस मरतो का' हा प्रश्न चुकीचा ठरतो. दादाला कुणाला मारायचं नाहीये. समोरच्याने आत्ता, या क्षणी थांबावं, एवढंच त्याला हवंय. मरणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या इतिहासातच त्याची उदाहरणं पडली आहेत.

22 जून 1897 ची रात्र, पुण्याचा गणेशखिंड रस्ता. चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी आयर्स्ट जागीच गेला. रँडलाही गोळी लागली, पण तो गेला 3 जुलैला. अकरा दिवसांनी. नेमबाजाच्या नजरेने पाहिलं (इतिहासाची नजर वेगळी, ती इथे बाजूला ठेवते) तर एकाच रात्री, अगदी जवळून झाडलेल्या गोळ्यांचे हे दोन परिणाम. अकरा दिवसांनी मरणारा माणूस पहिल्या अकरा सेकंदांत काय काय करू शकतो, हा स्वसंरक्षणाचा खरा प्रश्न.

दुसरं उदाहरण फर्ग्युसन कॉलेजचं. 22 जुलै 1931. मुंबई इलाख्याचा हंगामी गव्हर्नर हॉटसन कॉलेज बघायला आला होता. वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हाताच्या अंतरावरून त्याच्यावर गोळी झाडली. अगदी छातीवर. आणि ती अडली कुठे, तर खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर! हॉटसनला काही झालं नाही, गोगटे पकडले गेले, पुढे सुटले आणि कालांतराने पुण्याचे महापौरही झाले. लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणत. हाताच्या अंतरावरचा, न चुकलेला नेम एका बटणाने फुकट घालवला. आणि याच्या उलट 30 जानेवारी 1948. गांधीजींवर झाडलं गेलेलं ते इटालियन बेरेटा .380 चं होतं, ज्याला बंदुकांचे शौकीन आजही 'कमजोर' म्हणून नाक मुरडतात. तीन गोळ्या, समोर निःशस्त्र वृद्ध माणूस. बोअरच्या ताकदीच्या गप्पा ऐकल्या की मला हा दिवस आठवतो आणि गप्पा नकोशा होतात.

असो.

या विषयाचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला तो अमेरिकेत, एका फसलेल्या कारवाईनंतर. 11 एप्रिल 1986, मायामी. एफबीआयच्या आठ जणांनी बँका लुटणाऱ्या दोघांना गाठलं. त्यातल्या एका दरोडेखोराला सुरुवातीलाच 9 मिमीची गोळी लागली. दंडातून आरपार छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे इंचभर थांबली. त्या जखमेने तो वाचला नसताच. पण त्याआधी तो लढत राहिला, आणि एफबीआयचे दोन जण मेले, पाच जखमी झाले. त्यानंतर त्यांनी ठरवलं की गोळी शरीरात किमान बारा इंच जायलाच हवी. मोठा बोअर घेतला, 10 मिमी, मग .40. ती इतकी उसळायची की अनेकांचा नेम बिघडायला लागला. शेवटी 2014-15 च्या सुमारास परत 9 मिमीवरच आले, कारण दरम्यान गोळ्या सुधारल्या होत्या आणि 9 मिमीने माणसं जास्त अचूक मारत होती. तीस वर्षं आणि एवढा पैसा खर्चून निष्कर्ष काय, तर लागली पाहिजे आणि पुरेशी खोल गेली पाहिजे.

मग बत्तीस पुरतं का? खरं सांगायचं तर जेमतेम. ह्यूस्टनचा माझा मावसभाऊ 9 मिमी बाळगतो, त्याला मी आपल्या बत्तीसचे आकडे सांगितले तर तो हसला. पण त्याच बत्तीसबद्दल मला थोडी माया आहे, ती वेगळ्या कारणाने. पंचवीस मीटर सेंटर फायर या स्पर्धेत जगभरचे नेमबाज जे काडतूस वापरतात ते हेच रिव्हॉल्वरचं लांब बत्तीस, फक्त गोळीचं नाक सपाट. कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने 590 गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात. उसळी कमी, नेम उत्तम. म्हणजे ज्या काडतुसाला शौकीन लोक 'बायकी' म्हणतात, ते हातात सगळ्यात जास्त ऐकणारं आहे.

('बायकी'वरून आठवलं. दिल्लीच्या 2012 च्या त्या घटनेनंतर, 2014 च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं. बायकांसाठी. अर्धा किलो वजन, दागिन्यासारखी पेटी, किंमत सव्वा लाखाच्या घरात. मला तेव्हाही राग आला होता. ज्या मुलीला रात्रीच्या बसने जावं लागतं तिच्याकडे सव्वा लाख असते तर ती बसने कशाला गेली असती?)

आता भरवशाबद्दल. हे मला बोअरपेक्षा महत्त्वाचं वाटतं आणि लोक सगळ्यात कमी विचारतात तेही हेच.

पिस्तूल म्हणजे एक छोटा कारखाना. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, मॅगझिनमधून नवं काडतूस उचलते आणि आत ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. यातलं काहीही बिघडू शकतं. मॅगझिनची स्प्रिंग थकली. काडतूस कमजोर निघालं आणि स्लाइड पुरती मागे गेली नाही. मनगट ढिलं राहिलं, तरी तेच. बत्तीसच्या पिस्तुलाची तर खास खोड आहे. त्याच्या काडतुसाला मागे किंचित कड असते, आणि मॅगझिन नीट भरलं नाही तर वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकून बसते. अशा वेळी काय करायचं हे हाताला पाठ हवं: मॅगझिनवर खालून थाप, स्लाइड मागे खेचून सोडायची, पुन्हा नेम. रेंजवर हे दोन सेकंदांचं काम आहे. घाटात, अंधारात, हेल्मेट घालून... तुम्हीच विचार करा.

रिव्हॉल्वर त्यामानाने साधं यंत्र. चक्रीत सहा घरं. चाप ओढला की चक्री फिरते आणि घोडा पडतो. गोळी फुसकी निघाली तरी हात काही वेगळं करत नाही, पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. नवशिक्याला, वर्षातून चार वेळा हात लावणाऱ्याला, मी डोळे मिटून रिव्हॉल्वरच सांगेन. आणि दादाला तेच सांगितलं. पण फुकट काहीच मिळत नाही. रिव्हॉल्वरचा चाप घोडा न चढवता ओढायचा तर चांगला पाच-सहा किलोचा जोर लागतो. माझ्या दहा मीटरच्या पिस्तुलाचा चाप पाचशे ग्रॅमचा. पाच किलो ओढताना नळी हलते, आणि नळी केसभर हलली की दहा मीटरवर गोळी वीतभर सरकते. शिवाय सहा संपल्या की संपल्या.

बरं, रिव्हॉल्वरही बिघडतं. तेलात भिजवून ठेवलं आणि तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर आजोबांसारखं नुसतं 'टक्'. लोक हत्यार कपाटात दहा-दहा वर्षं ठेवतात, त्यातली काडतुसंही तीच. चामड्याच्या म्यानात ठेवून पितळ हिरवं पडलेलं मी पाहिलंय. आपल्याकडच्या काडतुसांच्या बुडावर बहुतेक वेळा 'केएफ' असा शिक्का असतो. म्हणजे किरकी, आपली खडकी! 1869 सालचा कारखाना आहे तो. शिक्क्यावर सालही असतं, घेताना ते बघावं, हे मी दादाला दोनदा सांगितलं. किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि बहुतेक परवानाधारक ती जपून ठेवतात, दिवाळीच्या फराळासारखी. त्यामुळे होतं काय, की ज्या हत्यारावर जीव टांगायचा ते आयुष्यात दहा वेळासुद्धा झाडलेलं नसतं. भरवसा शोरूममध्ये मिळत नाही, ज्या काडतुसांचा पट्टा कमरेला बांधायचा त्यातलीच थोडी खर्च करून तो मिळवावा लागतो.

भरवशाच्या यंत्राचंही सांगते. 25 जुलै 2021, टोकियो ऑलिंपिक. मनू भाकरच्या हातात जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक होतं. निगा राखायला माणसं होती. आणि ऐन पात्रता फेरीत ते बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेल्या वेळात घाईने नेम धरावे लागले आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. (पॅरिसला 2024 मध्ये तिने दोन कांस्यपदकं घेऊन त्याची भरपाई केली ते वेगळं.) तिथे पंच होते, नियम होते, समोर कागद होता. कागद चाल करून येत नाही.

हे सगळं फोनवर सांगून दादाला पटेना. "तू लय पुस्तकी बोलतं." मग उन्हाळ्यात पुण्याला आला तेव्हा त्याला आमच्या क्लबवर घेऊन गेले. छर्ऱ्याचं पिस्तूल, दहा मीटर. दादाचा हात शेतकऱ्याचा, स्थिर. तासाभरात काळ्या वर्तुळात पडायला लागले. खूश झाला, पोरांना दाखवायला कागद खिशात घालायला निघाला. म्हटलं थांब. त्याला दोन मजले जिना पळत चढ-उतर करायला लावली, मग म्हटलं दहा सेकंदांत पाच. छातीचा भाता चालू, कपाळावरचा घाम डोळ्यात. पाचातले दोन कागदावर, तेही पांढऱ्यात. तीन कुठे गेले देव जाणे. आणि हे भीती नसताना. समोर कुणी नसताना. शेजारी बहीण उभी राहून हसत असताना.

1983 मध्ये डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलीस शिक्षकाने एक साधा हिशेब मांडला होता. चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर दीड सेकंदात कापतो. साधारण तेवढाच वेळ सराव असलेल्या पोलिसाला कमरेचं हत्यार काढून झाडायला लागतो. कमरेचं, उघड्या म्यानातलं. दादाचं असणार शर्टाच्या आत, वर जॅकेट, पोटाला पैशाची पिशवी, दोन्ही हात हँडलला. मी हे गणित क्लबच्या कट्ट्यावर मांडलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे त्याहीनं गाडी आडवी लावली त मी पहिले ब्रेक दाबन, का पिस्तूल काढन?"

तोच तर मुद्दा.

मधल्या काळात त्याच्या एका मित्राने वेगळाच सल्ला दिला. लायसनच्या भानगडीत कायले पडतं, गावठी भेटून जाते. हे ऐकून मात्र मी फोनवर ओरडले. मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपल्याकडे आठवड्याला एक तरी असते. कसल्या तरी लोखंडाची नळी, माप अंदाजे, काडतूस मिळेल ते. ती फुटते तेव्हा झाडणाऱ्याची बोटं जातात. आणि नाही फुटली तरी बिनपरवाना हत्यार जवळ असणं हाच गंभीर गुन्हा. ज्या दोन गाड्यांची भीती, त्यांच्याच रांगेत जाऊन बसायचं? दादाने तो विषय पुन्हा काढला नाही.

रीतसर मार्ग लांब आहे पण अवघड नाही. वाशीमला कलेक्टर ऑफिसात अर्ज, पोलिसांची चौकशी, आणि 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला. 2019 च्या दुरुस्तीने परवाना पाच वर्षांचा झाला. झाडायची वेळ आली तर कायदा बाजूने आहे का, हेही दादाने विचारलं. दरोडा किंवा जबरी चोरीत जीव वाचवताना समोरचा मेला तरी बचावाचा हक्क आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण गरजेपेक्षा जास्त नाही. तो पळायला लागला आणि पाठीत गोळी लागली, तर पुढची काही वर्षं कोर्टाच्या फेऱ्या. आणि निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याचे आदेश निघतात, सूट कुणाला ते समिती ठरवते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा... आजोबांच्या पावत्या मला आठवल्या.

मोठी आई या सगळ्याच्या विरोधात. तिचं म्हणणं सरळ आहे. घाटात एकट्यानं जाऊ नको, पैसे देऊन टाक, जीव घेऊन घरी ये. दादाचं म्हणणं, ते पैसे माझे नाहीत, वीस शेतकऱ्यांचे आहेत. आज दिले तर उद्या माझ्या दारात माल कोण टाकेल? दोघंही बरोबर आहेत, त्यामुळे जेवताना भांडण होतं.

वहिनी आजवर गप्प होती. ती फक्त एकदा फोनवर आली. "ताई, थे घरात कुठी ठेवाचं?" लेकरं नऊ आणि सहा वर्षांची आहेत. मी सांगितलं, हत्यार रिकामं, एका कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ल्या लेकरांना ठाऊक नसलेल्या जागी. ती म्हणाली, "मंग रात्री कोनी आलं त थे काढेपर्यंत?" मी म्हटलं, रात्रीसाठी नाहीच ते. घरासाठी नाही. ती म्हणाली, "आन् घाटात काढाले भेटत नाही म्हनता." मी गप्प बसले. पाच मिनिटांत तिने माझा सगळा अभ्यास दोन वाक्यांत बसवला होता.

त्यानंतर दादाने दोन गोष्टी केल्या. बहुतेक शेतकऱ्यांचे पैसे आता थेट खात्यात जातात. सुरुवातीला कुरकुर झाली, मग मोबाइलवर मेसेज वाजायला लागल्यावर थांबली. पंधरा-एक म्हातारे अजून रोखच मागतात, त्यांच्यासाठी तो सकाळच्या वेळी पुतण्याला घेऊन जीपने जातो, आणि वार बदलत राहतो. दुसरी गोष्ट, अर्जही केलाय. बत्तीसचं रिव्हॉल्वर. मी विचारलं आता कशाला, तर म्हणाला, "राहू दे, कदी लागलं त." त्याला ते हवंय, आणि ते का हवंय हे त्याला नीट सांगता येत नाही, आणि मीही फार खोदून विचारलं नाही. दर तीन महिन्यांनी पुण्याला येऊन सराव करेन असं त्याने कबूल केलंय. रेल्वेचं तिकीट मी काढायचं, या अटीवर. :)

पोलीस चौकशीला येऊन गेले. वहिनीने लोखंडी कपाटाची मापं घेतली आहेत, दोन कप्पे, दोन वेगळी कुलपं, वरचा कप्पा लेकरांचा हात पोचणार नाही एवढा उंच. भिंतीत बोल्टने बसवायचंय. मिस्त्री पोळ्यानंतर येतो म्हणालाय.